नांदायला नाही गेलं तर जेल?

आमच्या बेलापुरात लेक माहेरी आली, मागोमाग 'नांदायला ये' अशी नोटीस आली, की लोक मला विचारतात, "भाऊ, नाही गेली तर पोलीस नेतील का हो?"

ही भीती जुनी आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं, नांदा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल! १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढं त्या डॉक्टर झाल्या.

१९२३ पासून यासाठी कैद नाही. मालमत्तेवर जप्ती मात्र येऊ शकते, म्हणून तारीख चुकवू नका. पोटगीचा अर्ज (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) बायको राहते तिथल्या कोर्टातही चालतो.