मुलांना घेऊन मुंबईच्या बोट धक्क्यावर जाताय? निघण्यापूर्वी हे माहीत असू द्या

वाशिम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावातून मुंबईला सहलीला निघालेल्या कुटुंबात मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘समुद्रात बोटीत बसायचं ना?’ पण नदी आणि धरण पाहत वाढलेल्या मुलांना (आणि मोठ्यांनाही) समुद्राच्या सवयी माहीत नसतात. धक्क्यावरची सहल आनंदाची व्हावी यासाठी काही साध्या गोष्टी.

मरीना म्हणजे काय?

मरीना म्हणजे छोट्या बोटी आणि नौका बांधून ठेवण्यासाठी केलेले सुरक्षित बंदर. मोठी मालवाहू जहाजे लागतात ते व्यापारी बंदर. प्रवासी चढतात-उतरतात तो धक्का किंवा जेट्टी. चेन्नईची प्रसिद्ध ‘मरीना’ मात्र बोटींचा तळ नसून वाळूचा किनारा आहे. तिथे पाण्याखालच्या ओढीमुळे पोहायला मनाई आहे. मुंबईत बहुतेक कुटुंबे जातात ती गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर.

कसे जायचे, काय पाहायचे?

धनज परिसरातून मूर्तिजापूर किंवा बडनेरा स्थानकावरून मुंबईची रेल्वे मिळते. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने कारंजा लाडहून रस्त्यानेही जाता येते. सीएसएमटी स्थानकापासून गेटवे जवळच आहे.

गेटवेची पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि बांधकाम १९२४ मध्ये पूर्ण झाले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. मुलांना ही गोष्ट सांगितली, तर कमान नुसती फोटोपुरती राहत नाही.

इथून दोन प्रमुख फेऱ्या मिळतात:

• घारापुरी (एलिफंटा): सुमारे एक तासाचा प्रवास. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सोमवारी लेणी बंद असतात. वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. लहान मूल कडेवर घ्यावे लागेल, हे धरूनच निघा.
• मांडवा: इथून पुढे रस्त्याने अलिबाग. गाडी बोटीत चढवायची असेल, तर माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा आहे. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली.

जूनचा घोळ

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यामुळे आपल्याकडची कुटुंबे अनेकदा जूनमध्येच सहल ठरवतात. नेमक्या त्याच काळात पावसाळा सुरू होतो आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटींच्या फेऱ्या साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. रो-रो मोठी असल्याने पावसाळ्यातही चालते, पण हवामान बिघडले की फेरी रद्द होते. बोट हवी असेल तर दिवाळीची सुट्टी उत्तम.

भरती कधी, हे तिथीवरून ओळखा

समुद्राला दिवसात साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. मुंबई किनाऱ्यासाठी सोपा हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री त्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती असेल, तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यापासून लांब राहा. तिथल्या सिमेंटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर मुलांना कधीच उतरू देऊ नका. ते शेवाळाने निसरडे असतात आणि फटीत पाय अडकतो.

लाइफ जॅकेट: फोटोसाठी नाही, जिवासाठी

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्यात अनेकांचा जीव गेला, मृतांत लहान मूलही होते. त्यानंतर या फेऱ्यांवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले.

• मुलाच्या वजनाच्या मापाचेच जॅकेट मागा. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगातून वर निसटते.
• पट्टे लावल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर ते ढिले आहे.
• हवेची रबरी ट्यूब हे जॅकेट नव्हे.
• बोट खचाखच भरली असेल, तर पुढच्या फेरीने जा. अर्धा तास गेला तर काही बिघडत नाही.

निघताना

• मुलाच्या हातावर पेनने आपला मोबाइल क्रमांक लिहा.
• मळमळ होत असेल तर बोटीच्या मध्यभागी बसवा आणि दूर क्षितिजाकडे पाहायला सांगा. निघण्यापूर्वी हलकेच खाऊ घाला.
• बोटीत चढता-उतरताना मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात हवा. लाटेने बोट आणि धक्का यांतली फट क्षणात वाढते.
• क्रमांक जवळ ठेवा: आपत्कालीन मदत ११२, तटरक्षक दल १५५४, हरवलेल्या मुलांसाठी १०९८.

जॅकेट घट्ट, हातात हात आणि भरतीची वेळ माहीत, एवढे जमले की खिडकीशी बसून लाटा मोजायला मुलं मोकळी.