अल्झायमर आणि मेंदूतील पांढरे चट्टे

साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या मेंदूचा एमआरआय काढला, की अहवालात पुष्कळदा एक ओळ आढळते : 'श्वेतद्रव्यात वयोमानानुसार बदल'. नातेवाईक ती वाचतात आणि अहवाल पाकिटात ठेवून देतात. अल्झायमरच्या अभ्यासकांना मात्र ही ओळ इतक्या सहजपणे सोडून देता आलेली नाही.

मेंदूचा जवळपास निम्मा भाग श्वेतद्रव्याने व्यापलेला असतो. चेतापेशींपासून निघालेले लांब तंतू त्यात असतात. त्यांच्यावरील मायलिन या स्निग्ध आवरणामुळेच त्याला पांढरा रंग येतो आणि संदेशवहनाला गती मिळते. हे आवरण झिजले किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होऊ लागल्या, की एमआरआयमध्ये तेथे उजळ चट्टे दिसतात. कॅनडातील मेंदूविकारतज्ज्ञ व्लादिमिर हाचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा बदलांना 'ल्यूकोअरायोसिस' हे नाव दिले.

अल्झायमरची ओळख मात्र वेगळ्याच खुणांनी होते. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णिलेल्या विकृतीत पेशींबाहेर अमिलॉइडचे थर आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता असतो. पूर्वी शवविच्छेदनातच दिसणाऱ्या या खुणा आता पेट स्कॅन व मेरुद्रवाच्या तपासणीतून जिवंतपणी कळतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यासाठीच्या पहिल्या रक्तचाचणीलाही मान्यता दिली. या निर्देशकांच्या मांडणीत पांढऱ्या चट्ट्यांना स्थान नव्हते. ते रक्तदाबाच्या खात्यावर जमा होत.

हे दोन विकार एकत्र आले, तर काय होते? अमेरिकेतील १०२ दिवंगत नन्सच्या मेंदूंचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरची विकृती होती. त्यांपैकी ज्यांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्याही जखमा होत्या, त्यांची स्मृती व आकलन अधिक खालावलेले होते. श्वेतद्रव्यासारख्या खोल भागातील एक-दोन बारीक जखमाही पुरेशा ठरत असल्याचे दिसले.

२०१६ मधील संशोधनाने गुंता आणखी वाढवला. आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत रोग तिशी-पन्नाशीतच गाठतो, त्यामुळे वार्धक्याची सबब तेथे लागू पडत नाही. तरीही जनुकदोष असलेल्यांच्या मेंदूत लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी हे चट्टे वाढलेले आढळले, विशेषतः मागील भागात. अमिलॉइड रक्तवाहिन्यांच्या भित्तींतही साचते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. पेशी मेल्यावर तिचा तंतूही झिजतो, हे दुसरे. कोणते कारण प्रमुख, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

रक्तदाबाचा वाटा मात्र आटोक्यात ठेवता येतो. अमेरिकेत पन्नाशीपुढील ९,३६१ जणांवर झालेल्या 'स्प्रिंट' चाचणीत काहींचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली, तर इतरांचा १४० च्या खाली ठेवण्यात आला. २०१९ च्या निष्कर्षांनुसार एमआरआय झालेल्यांपैकी पहिल्या गटात चट्टे सुमारे चार वर्षांत सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले, तर दुसऱ्या गटात १.४५ ने. सौम्य विस्मरणाचे प्रमाणही पहिल्या गटात कमी होते. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील फरक मात्र निर्णायक ठरला नाही.

अमिलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. मेंदूला सूज वा रक्तस्राव हा त्याचा ज्ञात धोका असल्याने उपचारापूर्वी एमआरआय पाहावा लागतो. श्वेतद्रव्याची गंभीर हानी झालेल्यांना त्याच्या मुख्य चाचणीत सामावून घेतलेच नव्हते.