देवीच्या लसीची साखळी : आंतरराष्ट्रीय शास्त्रीय सहकार्याच्या इतिहासातील एक प्रकरण

१

शास्त्र हे सर्व मानवजातीचे आहे, त्याला देशांच्या सीमा नाहीत, असे विधान वारंवार केले जाते. विधान म्हणून ते निर्दोष आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढ्याने समाधान लाभत नाही. एका देशात लागलेला शोध दुसऱ्या देशातील खेड्यापर्यंत पोहोचतो तो कोणाच्या हातून, कोणत्या साधनाने आणि कोणाच्या कष्टावर, हा त्याचा खरा प्रश्न असतो. या प्रश्नाचा विचार करण्यास देवी या रोगाच्या उच्चाटनाइतके बोधप्रद दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. विसाव्या शतकात या एकाच रोगाने सुमारे तीस कोटी माणसे मृत्यू पावली, असा अंदाज केला जातो. त्याच शतकात, ८ मे १९८० रोजी, जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य सभेने केली. मानवी प्रयत्नाने समूळ नष्ट झालेला मनुष्याचा हा पहिला रोग होय.

या प्रयत्नाचा इतिहास बहुधा एडवर्ड जेन्नरपासून आरंभून एकदम विसाव्या शतकातील ठरावांवर येऊन थांबतो. मधल्या दुव्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः ही एक साखळी होती, आणि कोणत्याही साखळीप्रमाणे तिचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच होते. प्रयोगशाळा आणि राजधान्या या पहिल्या कड्या होत. शेवटची कडी म्हणजे गावातले घर. ती ज्या वेळी धरली गेली नाही त्या वेळी सहकार्य विफल झाले, आणि ती धरली जाताच अल्पावधीत यश आले. पुढील विवेचनाचे हेच सूत्र आहे.

शब्दांचा इतिहासही या बाबतीत काही सांगतो. लॅटिन भाषेत गाईला ‘वाक्का’ म्हणतात. गाईच्या देवीला जेन्नरने जे लॅटिन नाव योजिले त्यातूनच ‘व्हॅक्सिन’ हा शब्द निघाला आणि बहुतेक युरोपीय भाषांत रूढ झाला. मराठीने शब्द उसना घेतला नाही. रोगाला जे देवतावाचक नाव होते तेच तिने उपायालाही दिले : रोग म्हणजे ‘देवी’, टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’, आणि टोचणारा तो ‘देवी डॉक्टर’. हिंदीत व बंगालीत ‘टीका’ हा शब्द रूढ झाला. बंगालमध्ये तो पूर्वीपासूनच्या, प्रत्यक्ष देवीचा द्रव टोचण्याच्या प्रथेशी निगडित होता. नवी रीत आली तीही त्याच नावाने. परदेशातून आलेली वस्तू लोकांनी आपल्या जुन्या अनुभवाच्या चौकटीत बसविली, हे यावरून उघड होते. पुढे या नावांचा मोहिमेशी फार निकटचा संबंध आला.

२

१४ मे १७९६ रोजी जेन्नरने गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातील द्रव एका मुलास टोचला, आणि १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्ञान तत्काळ पसरले. ग्रंथाची भाषांतरे झाली. परंतु ग्रंथाने देवी टळत नव्हत्या. त्यासाठी जिवंत द्रव हवा होता, आणि तो उष्णतेत लवकर निर्जीव होई. इंग्लंडहून समुद्रमार्गे हिंदुस्थानात लस पाठविण्याचे प्रथम प्रयत्न याच कारणाने फसले. ज्ञानाचा प्रवास आणि पदार्थाचा प्रवास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे प्रथम प्रत्ययास आले.

मार्ग सापडला तो खुष्कीचा. जिनीव्हात जन्मलेले आणि व्हिएन्नात वैद्यक करणारे ज्यां द कारो यांनी लस कॉन्स्टँटिनोपलला पोहोचविली. पूर्वेकडे पाठवावयाचा द्रव त्यांना मिलानच्या लुईजी साक्को यांच्याकडून, लोंबार्डीच्या गाईंपासून मिळाला. मिलान त्या वेळी फ्रेंच वर्चस्वाखाली होते, तर व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. आणि फ्रान्स व ऑस्ट्रिया नुकतेच एका दीर्घ युद्धातून बाहेर पडले होते. दोन वैद्यांमधील या देवघेवीला त्या वैराची आडकाठी झाली नाही. कापसाच्या तंतूंत भिजविलेला द्रव काचेच्या तबकड्यांमध्ये बंद करून त्यावर मेणाचे थर चढविण्याची युक्ती द कारो यांनी योजिली. मार्च १८०२ च्या अखेरीस तो द्रव बगदादला पोहोचला, तेव्हा तो अद्यापि ओला होता. तेथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई असा त्याचा पुढचा प्रवास झाला.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर लस फलद्रूप झाली. हिंदुस्थानात यशस्वीपणे टोचलेली ही पहिली व्यक्ती होय. तिच्या फोडातील द्रव इतर मुलांस, त्यांच्याकडून आणखी मुलांस, या क्रमाने लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास व सिलोन येथवर गेली. मुलगी एका चाकराची होती, यापलीकडे तिच्याविषयी इतिहासाने फारसे काही जपून ठेवले नाही.

या पद्धतीत बालकाचा दंड हेच लसीचे पात्र होते. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनमधील ला कोरुन्या बंदरातून फ्रान्सिस्को दे बाल्मिस यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोहिमेत हे फार ठळकपणे दिसते. जहाजावर बावीस अनाथ मुले होती. दर नऊ-दहा दिवसांनी त्यांपैकी दोघांना टोचून लस जिवंत ठेवीत ती अटलांटिकपार नेण्यात आली. त्यांची देखभाल करणारी इझाबेल सेंडाल ही अनाथालयाची व्यवस्थापिका होती. पुढे मेक्सिकोतील सव्वीस मुलांच्या साहाय्याने लस फिलिपिन्सला पोहोचली. या मोहिमेची थोरवी निःसंशय आहे. परंतु ज्यांच्या देहावरून हा उपकार जगाकडे गेला त्या मुलांची संमती कोणी विचारली नव्हती, हेही त्याच इतिहासाचे अंग आहे. सहकार्याचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न येथेच उभा राहतो, आणि पुढे तो पुन्हा उपस्थित झाला.

३

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत युरोप व उत्तर अमेरिका यांतून देवी हटल्या. आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथे मात्र टिकून राहिल्या. १९५८ मध्ये मिनियापोलिस येथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेत सोव्हिएट संघाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी साऱ्या जगातून देवीच्या निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला. शीतयुद्धाच्या ऐन काळात, अमेरिकेच्या भूमीवर बोलताना त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांनी १८०६ मध्ये जेन्नरला लिहिलेल्या पत्राचा दाखला दिला, ही घटना लक्षणीय आहे. १९५९ मध्ये सभेने प्रस्ताव स्वीकारला. पण पुरेसे द्रव्य दिले नाही. १९६६ मध्ये तीव्र मोहिमेसाठी सुमारे २४ लक्ष डॉलरांची वार्षिक तरतूद मान्य झाली, तीही अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने. ठरावाचा उत्साह आणि तिजोरीचा संकोच यांमधील हे अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९६७ मध्ये मोहीम सुरू झाली, तेव्हा ३१ देशांत देवीचे कायम वास्तव्य होते, आणि त्या एका वर्षात एक कोटीहून अधिक लोकांस त्या झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. मोहिमेचे प्रमुख अमेरिकन वैद्य डॉनल्ड हेंडरसन हे होते, आणि लसीचा सर्वांत मोठा दाता सोव्हिएट संघ हा होता. १९५८ ते १९७९ या काळात त्या देशाने १४० कोटींच्या आसपास मात्रा दिल्या. लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कोलियर यांनी गोठवून वाळविलेली, उष्णतेतही महिनाभर टिकणारी लस मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत सिद्ध केली होती. १८०२ मधील मेणाच्या थरांचे कार्य आता या भुकटीने केले. अमेरिकेत बेंजामिन रुबिन यांनी दुतोंडी सुई काढली. तिच्या दोन टोकांमध्ये नेमका एक थेंब राही, पूर्वीच्या चतुर्थांश लशीत काम होई, आणि अल्पशिक्षित मनुष्यही ती थोड्या वेळात वापरण्यास शिके. देशोदेशींच्या लसींची परीक्षा कॅनडातील टोरोंटो व नेदरलँड्समधील बिल्टहोव्हन येथील प्रयोगशाळांत होऊ लागली. मोहिमेच्या आरंभी वापरात असलेल्या लसींपैकी पुष्कळशा ठरलेल्या मानास उतरत नाहीत, असे या परीक्षेत आढळून आले. परस्परांच्या मालाची निःशंकपणे परीक्षा करू देणे, ही सहकार्याची व्याख्यानांत न येणारी पण अत्यावश्यक अट होय.

४

भारतात राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. हैदराबाद, गिंडी, बेळगाव व पटवाडांगर येथे लस तयार होत असे. लोकसंख्येच्या ऐंशी टक्के लोकांना टोचावे, म्हणजे रोग आपोआप खुंटेल, अशी कल्पना होती. टोचण्यांचे आकडे प्रचंड झाले, पण देवी हटल्या नाहीत. सहज हाती लागणाऱ्या शाळकरी मुलांनाच पुनःपुन्हा टोचले जाई. फिरते मजूर, भिक्षेकरी, नवजात अर्भके सुटून जात. शिवाय रोगी कळविणाऱ्या अधिकाऱ्याकडे अपयशाचा धनी म्हणून पाहिले जाई. म्हणून रोगी कागदावर येतच नसत. शेवटची कडी निसटली होती ती लसीच्या अभावाने नव्हे, तर माहितीच्या अभावाने.

उपाय आफ्रिकेतून आला. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात लस अपुरी असताना विल्यम फेगी यांनी सर्वांना टोचण्याचा हव्यास सोडून रोगी शोधावे आणि त्याच्या सभोवतालच्या माणसांनाच टोचावे, असे ठरविले; आणि साथ आटोक्यात आली. १९७३ च्या शरद ऋतूपासून भारतात हीच पद्धत अवलंबिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने निकोल ग्रासे आणि भारत सरकारच्या वतीने एम. आय. डी. शर्मा व त्यांचे सहकारी यांनी ती चालविली. आरोग्य खात्याचे एक लाखाहून अधिक कार्यकर्ते ठरावीक काळाने घरोघर फिरू लागले.

येथेच भाषेचा प्रश्न आला. ‘व्हरायोला’ हे नाव गावात कोणास ठाऊक नव्हते. उत्तरेत ‘चेचक’ किंवा ‘माता’, बंगालमध्ये ‘बसंत’, महाराष्ट्रात ‘देवी’. त्यातही ‘बडी माता’ व ‘छोटी माता’, म्हणजे देवी आणि कांजिण्या, यांची गल्लत होई. म्हणून देवी आलेल्या बालकाचे चित्र असलेला पत्ता शोधकर्त्याच्या हाती देण्यात आला. तो दाखवून ‘असे कोठे पाहिले काय?’ एवढेच विचारावयाचे. शाळेतील मुले, बाजारात आलेल्या बाया, चहाच्या दुकानात बसलेले लोक ही माहितीची उगमस्थाने ठरली. रोगी कळविणाऱ्यास बक्षीस मिळू लागले, आणि रोग उतरणीस लागला तशी त्याची रक्कम वाढवीत नेण्यात आली. पूर्वी ज्यासाठी ठपका येई त्यासाठी आता पारितोषिक मिळू लागले. या एका पालटाने नोंदींचे स्वरूप बदलले.

शोध सुरू होताच पूर्वीच्या नोंदींच्या कित्येक पट रोगी उघडकीस आले. १९७४ मध्ये भारतात १,८८,००० रोगी नोंदले गेले, आणि त्यांत बिहारचा वाटा सर्वांत मोठा होता. आकडे फुगलेले पाहून सरसकट टोचणीकडे परत वळावे, असा आग्रह बिहारमध्ये झाला. फेगी यांनी आपल्या आठवणींत नमूद केल्याप्रमाणे त्या बैठकीत एक भारतीय वैद्य उठून म्हणाले, की गावात घराला आग लागली तर लोक जळत्या घरावर पाणी ओततात, सगळ्या घरांवर नव्हे. शोधपद्धतीला एक महिन्याची मुदत मिळाली, आणि तेवढ्यात तिचा गुण दिसू लागला. भारतातील अखेरचा रोगी मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे आढळला. रोग बांगलादेशातून आला होता. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अखेरच्या काळात काही ठिकाणी रात्री घरात शिरून, धरून-बांधून टोचण्यात आले. इतिहासकार पॉल ग्रीनो यांनी १९९५ मध्ये या प्रकारांची चिकित्सा केली असून, अशा सक्तीने पुढील आरोग्यकार्याविषयी लोकांच्या मनात अढी निर्माण होण्याचा संभव असतो, याकडे लक्ष वेधले आहे. बाल्मिसच्या जहाजावरील मुलांपासून चालत आलेला संमतीचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनंतरही सुटलेला नव्हता.

५

२६ ऑक्टोबर १९७७ रोजी सोमालियातील मेर्का येथे अली माओ मालिन या रुग्णालयातील स्वयंपाक्याच्या अंगावर पुरळ उठले. निसर्गतः देवी झालेला तो जगातील अखेरचा मनुष्य. तो बरा झाला, आणि पुढे पोलिओ-प्रतिबंधाच्या कार्यात स्वतः घरोघर फिरला. रुग्णालयात नोकरी करूनही त्याने लस घेतलेली नव्हती. शेवटची कडी किती जवळून निसटू शकते याचे हे उदाहरण होय.

१९६७ ते १९७९ या काळात मोहिमेस सुमारे तीस कोटी डॉलर खर्च आला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भार रोगग्रस्त देशांनीच उचलला. सत्तरहून अधिक देशांतील तज्ज्ञांनी तीत भाग घेतला. परंतु दारोदार गेलेले बहुसंख्य लोक त्या त्या देशाचेच होते. म्हणून या इतिहासाकडे धनिक राष्ट्रांनी दरिद्री राष्ट्रांवर केलेला उपकार म्हणून पाहणे वस्तुस्थितीस धरून नाही. दान आणि सहकार्य यांत फरक आहे. दानात वस्तू एका दिशेने जाते. सहकार्यात ज्ञान दोन्ही दिशांनी वाहते. नायजेरियातील टंचाईने जे शिकविले ते बिहारमध्ये उपयोगी पडले, आणि भारतातील शोधाचा अनुभव पुढे सोमालियाच्या कामी आला.

साखळीचे कार्य मात्र पूर्ण झालेले नाही. १९७८ मध्ये बर्मिंगहॅम येथे प्रयोगशाळेतील विषाणूने एक मृत्यू घडला. त्यानंतर जगातील विषाणूसाठे कमी करीत अमेरिका व रशिया येथील दोनच ठिकाणी आणण्यात आले. ते १९९९ मध्ये नष्ट करावेत असे १९९६ मध्ये ठरले. परंतु १९९९ मध्ये तो निर्णय पुढे ढकलण्यात आला. घराघरांतून ज्याचा शोध घेण्यासाठी साऱ्या जगाने एकमेकांवर विश्वास टाकला, त्याच विषाणूच्या दोन कुप्यांविषयी तो विश्वास अपुरा पडावा, हे विचार करण्यासारखे आहे. शास्त्रीय सहकार्याचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच घोषणांची तारीख पाहून थांबू नये. कोणाच्या दारापर्यंत ते पोहोचले, तेथे काय विचारले गेले आणि काय विचारले गेले नाही, या कसोटीवरच त्याची खरी परीक्षा होते.