लाडवाचे तिखट भावंड

दिवाळीच्या ताटात गोल आकाराला मोठा मान आहे. रव्याचा लाडू गोल, बेसनाचा लाडू गोल, अनारसा गोल आणि चकली तर गोलाच्या पोटात गोल. परंतु मराठी स्वयंपाकघराचे हे गोलाकारावरचे प्रेम गोडापाशी थांबत नाही. कुठे गोळ्यांची आमटी होते, नागपूरकडे गोळाभात होतो आणि मांसाहारी घरांतून खिम्याचे गोळे रश्शात सोडले जातात. लाडवाला घरात सारे ओळखतात. त्याच्या या तिखट भावंडाची कुळकथा मात्र फारशी कुणी विचारीत नाही. ती सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त अगदी घरगुती आहे. भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ विक्रोळीला आमच्याकडे जेवायला येतो, आणि त्या दिवशी आमच्या आईच्या हातचे खिम्याचे गोळे मी करते. आई खिमा पाट्यावर वाटीत असे. चरबीचा तुकडा मुद्दाम मागून घेत असे. दोन वर्षांपूर्वी भावाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चरबीचे मटण बंद केले, मीठ मोजून दिले. मग भाऊबीजेला करायचे काय? भाची म्हणाली, "आत्या, यंदा टर्कीच्या खिम्याचे गोळे करू या. आले, लसूण, थोडासा सोया सॉस, आणि वरून संत्र्याच्या रसाचा मुलामा. बाबांना चालेल." यावर आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सणासुदीला हे परदेशी पाखरू कशाला? आपले काही नाहीच का उरले?"

जाऊबाईंचा प्रश्न वावगा नव्हता. भाऊबीजेच्या ताटात आपण काय वाढतो, याला अर्थ असतो. म्हणून या पदार्थातले आपले किती आणि परके किती, हे मी एकदा नीट पाहायचे ठरविले.

आरंभ गोळ्यापासून करू. 'कोफ्ता' हा शब्द फारसी 'कोफ्तन' या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ कुटणे. 'खिमा' हा शब्द मूळचा तुर्की, आणि फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे पोहोचलेला. म्हणजे नावे बाहेरची खरी. पण कुटण्याची क्रिया कुणा एका देशाची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या अन्नभोगाचे प्रकरण आहे आणि त्यात मांसाच्या नाना पाककृती आहेत. याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंदही आहे. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या आयाबायांचे मुसळ चालू होते आणि राजाच्या मुदपाकखान्यात मांसही शिजत होते. कुटण्याचे कौतुक आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको होते.

तिकडे बगदादमध्ये १२२६ साली अल-बगदादी याने पाककृतींचा एक ग्रंथ लिहिला. त्यात 'नारंजिया' नावाचा पदार्थ आहे. मांस बारीक करायचे, त्याचे नारिंगाच्या आकाराचे गोळे करायचे, ते शिजवून केशराने रंगविलेल्या अंड्यात बुडवायचे, पुन्हा शिजवायचे, पुन्हा बुडवायचे. अखेर ते गोळे नारिंगासारखे दिसू लागतात. वाचून मला हसू आले. भाचीला जी कल्पना अगदी नवी वाटत होती, ती मांसाचा गोळा आणि नारिंग यांची जोडी आठशे वर्षांची जुनी निघाली!

गोळा आपल्या किनाऱ्यावर एका वाटेने आला नाही. सुलतानांच्या दरबारांतून कोफ्ता खुष्कीने आला. माळव्यातील मांडूच्या सुलतानासाठी १५०० च्या सुमारास रचलेल्या 'निमतनामा' या सचित्र पाकग्रंथात कोफ्त्याच्या कृती आहेत. दुसरी वाट समुद्राची. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कवचीचे लहान, गोल फळ. त्यावरून, इबेरियात अरबांची सत्ता असताना, मांसाच्या गोळ्याला नाव मिळाले. पोर्तुगीजांनी त्याचे 'आल्मोंदेगा' केले आणि १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या ताटाबरोबर ते नावही आणले. एकाच गोळ्याची दोन टोपणनावे, एक घाटावरून आलेले आणि एक बंदरातून.

आता पाखराकडे वळू. टर्की हा मुळात मेक्सिकोचा पक्षी. तिथल्या लोकांनी तो फार प्राचीन काळी माणसाळविला. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पुढे त्याच्या नावाची जी गंमत झाली, तिला तोड नाही. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचा पक्षी ठरविले. डच लोकांनी तर थेट कालिकतचे नाव त्याला चिकटवले. पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेकडे बोट दाखवून 'पेरू' म्हटले, आणि त्यांच्यामागून हिंदीतही तो 'पेरू' झाला. आपल्या मराठीत मात्र पेरू म्हणजे मीठ लावून खायचे फळ! प्रत्येकाने हे पाखरू दुसऱ्याच्या अंगणातले म्हणून सांगितले. आपले म्हणून त्याला कुणी पदरात घेतले नाही.

त्याचा आपल्या बाजूला झालेला प्रवेश मात्र इतिहासात ठळक नोंदलेला आहे. जहांगीर बादशहाने मुकर्रबखान या सरदाराला गोव्याच्या बंदरी दुर्मिळ वस्तू खरेदी करण्यास पाठविले होते. १६१२ मध्ये तो परतला, तेव्हा त्याच्याबरोबर अनेक चमत्कारिक प्राणी होते आणि त्यांत ही टर्की होती. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. लांडोरीहून मोठी, मोराहून लहान. माजावर आली म्हणजे मोरासारखा पिसारा फुलवून नाचते. चोच आणि पाय कोंबड्यासारखे. आणि डोके, मान व गळा सरड्यासारखे रंग बदलतात, कधी पोवळ्यासारखे लाल तर कधी कापसासारखे पांढरे. बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रे काढविली नाहीत. जहांगिराने मन्सूर या आपल्या नामांकित चित्रकाराकडून टर्कीचे चित्र करवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हा जाऊबाईंचे परदेशी पाखरू चारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यात उतरून, बादशहाला भेटून, चित्रासाठी उभे राहून आलेले आहे. उत्तरेत इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तर 'कारी-विराट' नावाची टर्कीची जात तयार केली आहे.

फळाची बाजू तर आपल्याच पारड्यात पडते. लिंबूवर्गातील झाडांचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात आहे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांखा' आणि शेवटी इंग्रजी 'ऑरेंज' अशी त्या शब्दाची यात्रा झाली. मोसंबी मोझांबिकचे नाव घेऊन आली. नागपूरच्या संत्र्याची हकीगत अशी सांगतात की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजे रघुजी भोसले यांनी औरंगाबादकडची रोपे आणून आपल्या परसबागेत लावली. आज ते संत्रे भौगोलिक मानांकन मिरवीत आहे. आणि या कुळातले सर्वांत आदरणीय फळ म्हणजे महाळुंग, मातुलिंग. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्या कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे आपण स्मरण करतो, तिच्या एका हातात हेच फळ आहे.

राहिला सोया सॉस. तो चीनचा, सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात आंबवून केलेला. पण मुंबईकराला तो परका कसा म्हणावा? १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करीत असताना, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी आले, लसूण, मिरची आणि सोया सॉस यांच्या रसात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडून 'मंचुरियन' घडविले, अशी हकीगत प्रसिद्ध आहे. ते मंचुरियात कुणी ऐकलेले नाही. विक्रोळी स्टेशनाबाहेरच्या गाडीवर मात्र कोबीच्या गोळ्यांच्या रूपाने ते रोज संध्याकाळी मिळते.

विक्रोळीचे नाव निघाले, तर तिचाही या कथेतला वाटा सांगितला पाहिजे. खिम्याचा मोठा शत्रू म्हणजे उष्मा. अखंड मांसापेक्षा कुटलेले मांस लवकर नासते, कारण वरचे जंतू कुटताना आतवर पसरतात. म्हणून आमच्या आईच्या काळी खिमा सकाळी आणला की दुपारच्या आत चुलीवर जाई. विक्रोळीची जमीन पिरोजशा गोदरेज यांनी चाळीसच्या दशकात घेतली आणि खाडीकाठच्या या ओसाड भागात कारखाने उभे राहिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्या इथे झाल्या. १९५८ मध्ये गोदरेजने स्वदेशी बनावटीचे शीतकपाट बाजारात आणले. पुढे हळूहळू मध्यमवर्गीय घरांतून शीतकपाटे आली आणि खिमा दुसऱ्या दिवसापर्यंत राहू लागला. मी लग्न होऊन कन्नमवारनगरात आले, तेव्हा सबंध मजल्यावर एकच शीतकपाट होते. दिवाळीत त्यात सगळ्यांच्या घरचे श्रीखंड असे. आज बर्फात गोठविलेली टर्की घरपोच येते, ती याच शोधाच्या जोरावर.

आता थोडे आरोग्याविषयी, कारण खरी कसोटी तिथे आहे. टर्कीच्या छातीचे, कातडी काढलेले मांस मटणाच्या मानाने फार कमी चरबीचे असते. परंतु तयार खिम्यात कातडीही कुटलेली असू शकते. म्हणून छातीचा तुकडा घेऊन घरीच खिमा करावा. दुसरी मेख सोया सॉसची. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणते. एवढ्या एका चमच्यात त्याचा जवळजवळ निम्मा वाटा संपतो. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संत्र्याऐवजी ग्रेपफ्रूट घेण्याचा मोह होतो. हे फळ पपनस आणि गोड नारिंग यांच्या संकरातून झालेले आहे. १९८९ मध्ये कॅनडातील डेव्हिड बेली यांच्या प्रयोगात आढळले की, त्याच्या रसाने रक्तदाबाच्या एका औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनाही हेच लागू आहे. पपनसाविषयीही तोच सावधपणा बरा. घरात हृदयाची औषधे चालू असतील, तर ही दोन फळे वैद्यकीय सल्ल्यावाचून वापरू नयेत. आमच्या ताटात म्हणून नागपुरी संत्रेच आले.

कृती सोपी आहे. अर्धा किलो थंडगार खिमा घ्यावा. त्यात वाटलेले आले-लसूण, बारीक चिरलेला पातीचा कांदा, एक अंडे, मूठभर ओट्स आणि मिरपूड घालावी. चरबी नसल्याने हे मांस कोरडे पडते. ओट्स आणि कांदा ओलावा धरून ठेवतात. मिश्रण फार मळू नये, गोळे दगडासारखे होतात. हात ओले करून लिंबाएवढे गोळे वळावेत. तळण्याऐवजी आप्पेपात्र काढावे! थेंबथेंब तेल घालून, झाकण ठेवून, उलटून गोळे भाजावेत. आतील उष्णतामान ७४ अंश सेल्सिअस झाले पाहिजे. साधा स्वयंपाकाचा तापमापक पुरतो. मुलाम्यासाठी चार संत्र्यांचा रस, किसलेले आले, सुपारीएवढा गूळ आणि एकच लहान चमचा सोया सॉस उकळून निम्मा आटवावा. किंचित मक्याचे पीठ पाण्यात कालवून घालावे, म्हणजे रसाला चकाकी येते. संत्र्याची साल किसताना आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडवट असतो. गोळे त्यात घोळवावेत. शाकाहारी घरांनी उकडलेले सुरण आणि पनीर यांचे गोळे करावेत, मुलामा तोच.

जाऊबाईंना मी हे सारे पुराण ऐकविले. त्या म्हणाल्या, "ते बादशहाचे राहू दे. आईच्या चवीचे काय?" त्याला मात्र कोणत्याही ग्रंथात उत्तर नाही. आईच्या गोळ्यांची चव चरबीत होती, आणि तीच आता भावाला वर्ज्य आहे. ती चव गेली, हे कबूलच केले पाहिजे.

पण भाऊबीजेचे दुसरे नाव यमद्वितीया. त्या दिवशी प्रत्यक्ष यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला, आणि बहिणीच्या हातचे जेवून संतुष्ट झाला, अशी कथा आहे. तिने काय रांधले होते, हे मी तरी कुठे वाचलेले नाही. भावाच्या आयुष्याची दोरी वाढावी म्हणून रांधले होते, एवढे मात्र आपण सारे जाणतो. ज्या दिवशी भावाला दीर्घायुष्य चिंतायचे, त्याच दिवशी त्याला वर्ज्य असलेले वाढायचे, हे मला पटेना. मेक्सिकोचे पाखरू, हिमालयाच्या पायथ्याचे फळ, चीनचा रस आणि आईने शिकविलेले गोळे वळणे, असे चौघे मिळून जर भावाला पोटभर आणि निर्धास्त जेवू घालीत असतील, तर त्यांना परके म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

यंदा आप्पेपात्रातून पहिला घाणा उतरला, तेव्हा जाऊबाईंनीच पुढे होऊन एक गोळा फोडून पाहिला, आत नीट शिजला आहे ना याची खात्री केली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे. असू दे. त्याला तेवढेच हवे." वाचकहो, आपल्या घरच्या दिवाळीतही गोड लाडवाशेजारी हे तिखट भावंड सुखाने नांदो.