शनिवारचा मारुती
* शनिवारी मारुतीला तेल, शेंदूर आणि रुईच्या पानांची माळ वाहायची ती साडेसातीच्या धास्तीने, असा समज आहे. मारुतीने शनीला रावणाच्या बंदिवासातून सोडवल्याची लोककथा त्याला दुजोराही देते. पण केवळ धास्तीतून तालमीत पुजला जाणारा मारुती उलगडत नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत ११ मारुती स्थापले, आणि उपासनेला बलाची जोड दिली. त्यांच्या ‘भीमरूपी’ स्तोत्राच्या फलश्रुतीतही भूतबाधा टळण्याची ग्वाही आहेच, हा आक्षेप खरा, मात्र स्तोत्राचा बराचसा भाग मारुतीचे रूप, वेग आणि पराक्रम यांच्या वर्णनात जातो. म्हणजे रक्षणाची मागणी इथे शौर्याच्या चिंतनातून येते. भय हे निमित्त, धैर्य हा अभ्यास. तो मुरावा म्हणून दर आठवड्याची आवृत्ती.