ओल्या फडक्याचा इतिहास

मे महिन्यात सकाळी धुळ्याहून निघालेली जुनी फियाट पारोळ्यापर्यंत विनातक्रार धावते. मंडळी चहाला उतरतात. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन चावी फिरवली की स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन काही केल्या सुरू होत नाही. बॅटरी निम्मी उतरल्यावर कोणी जाणता माणूस बॉनेट उघडतो, पाण्यात भिजवलेले फडके पेट्रोलच्या पंपावर गुंडाळतो आणि पाच मिनिटे थांबायला सांगतो. मग गाडी सुरू होते आणि एरंडोल, पाळधी करीत जळगाव गाठते. खान्देशात ज्या घरी फियाट होती तेथील वडीलधाऱ्यांना हा प्रसंग नव्याने सांगावा लागत नाही.

पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांचा पंप पेट्रोलच्या टाकीतच बुडवलेला असतो, त्यामुळे फडक्याची गरज उरली नाही. आता मात्र जुन्या गाड्या दुरुस्त करून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस वाढली आहे आणि त्यांच्याबरोबर हा जुना दोषही परत आला आहे. फरक इतकाच, की गाडी तीच असली तरी तिच्या टाकीत पडणारे पेट्रोल आता ते राहिलेले नाही. म्हणून या फडक्यामागील विज्ञान आणि इतिहास दोन्ही पाहणे उपयोगाचे ठरेल.

रस्त्यातील दुरुस्तीचा इतिहास मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासापासूनच सुरू होतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही जर्मन स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाची तार उघडी पडली, तिच्यावर मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. इंधन संपले ते वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून घेतले. लिग्रोइन नावाचा हा पेट्रोलियमचा हलका भाग तेव्हा डाग काढण्यासाठी विकला जाई.

हे इंधन चटकन उडून जाणारे होते आणि त्या काळी तोच त्याचा गुण होता. बेंझच्या गाडीतील कार्ब्युरेटर म्हणजे इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेणारे एक भांडे होते; इंधन आपणहून उडाले नाही तर इंजिन चालणार कसे? पुढे बारीक तोटीतून पेट्रोल फवारणारे कार्ब्युरेटर आले, तरी थंडीत इंजिन सुरू व्हायचे तर पेट्रोलात थोडा भाग अगदी हलका असावाच लागतो. पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळते, हेक्झेन ६९ अंशांना, तर सर्वांत जड घटक २०० अंशांच्या आसपास. युरोपातील गारठ्यात जी सोय होती तीच खान्देशातील उन्हाळ्यात अडचण झाली.

यात पंपाचाही वाटा आहे. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत पंप नव्हताच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ आला तर चालक गाडी उलट फिरवून मागच्या मागे चढवीत. पुढे टाकी गाडीच्या मागच्या बाजूला, खाली गेली आणि पेट्रोल ओढून आणण्यासाठी इंजिनाच्या अंगावर, कॅमशाफ्टच्या धक्क्याने हलणारा पडद्याचा पंप बसवण्यात आला. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. हा एसी म्हणजे थंड हवेचे यंत्र नव्हे. पंपांवर छाप असलेल्या कंपनीचे ते नाव आहे आणि तिच्या संस्थापकाच्या, अल्बर्ट चॅम्पियनच्या, नावाची ती आद्याक्षरे आहेत.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० मध्ये हीच रचना होती. हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, टाकी मागे, पंप पुढे. मुंबईच्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली.

आता थोडे गणित. पेट्रोल किती उडते हे त्याच्या बाष्पदाबावरून ठरते आणि तो ३७.८ अंशांना मोजण्याचा संकेत आहे. एखाद्या पेट्रोलचा बाष्पदाब या तापमानाला ६० किलोपास्कल आहे असे धरू. वातावरणाचा दाब सुमारे १०० किलोपास्कल. तापमान वाढवत गेल्यास ५३-५४ अंशांच्या सुमारास पेट्रोलचा बाष्पदाब १०० वर पोहोचतो, म्हणजे त्यातील हलका भाग उकळू लागतो. पण टाकी ते पंप या नळीत पंपाच्या ओढीमुळे दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तो ८५ झाला तर हीच वेळ ४८ अंशांनाच येते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. बॉनेटखाली ते किती असेल याची कल्पना करावी. नळीत वाफ झाली की पंप ती वाफच दाबत आणि सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच वेपर लॉक म्हणतात.

गाडी धावताना बंद न पडता चहानंतरच का अडते, हेही यावरून कळते. धावत्या गाडीत पंख्याचा वारा असतो आणि टाकीतून तुलनेने थंड पेट्रोल सतत येत असते. इंजिन बंद केले की दोन्ही थांबतात, पण तापलेल्या लोखंडाची उष्णता हळूहळू पंपापर्यंत पोहोचत राहते. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढून गेल्यावर माथ्यावर गाडी थांबवणे म्हणजे हा प्रयोग मुद्दाम करून पाहण्यासारखेच आहे.

आणि फडके? अमेरिकेत या दोषावर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावण्याची पद्धत होती. त्याने काही साधत असेल असे मला वाटत नाही. ओले फडके मात्र खरोखर काम करते आणि ते खान्देशात मुंबईपेक्षा अधिक चांगले करते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता खेचली जाते. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या कापडाचे तापमान सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ते २८ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे येथे घट २० अंशांची, तेथे केवळ पाचाची. माठ आणि वाळ्याचा कूलर जेथे चालतो तेथे फडकेही चालते. शाळेत दोन तापमापी घेऊन, एकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळून, एप्रिलच्या दुपारी आणि जुलैच्या दुपारी ही घट मोजता येईल. मात्र तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, बिडाच्या भागाला तडा जातो. आणि रेडिएटरचे झाकणही तेव्हा उघडू नये.

येथे एक सावधगिरी हवी. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी प्रत्येक गाडी वेपर लॉकचीच रोगी असते असे नाही. कंडेन्सर किंवा कॉइल बिघडत चालली असेल तरी हुबेहूब हेच लक्षण दिसते. ठिणगी वितरित करणाऱ्या भागाला आपले मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. हे नाव चार्ल्स केटरिंग यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासह १९०९ साली काढलेल्या डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांचे आहे. कॉइलमधील प्रवाह पॉइंट उघडताच तुटतो आणि प्रवर्तनाने दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांना हे सेकंदाला १०० वेळा घडते. प्रवाह तुटताना पॉइंटवरच ठिणगी पडून शक्ती वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर. उष्णतेने त्याचे रोधन ढासळले की प्लगची ठिणगी निस्तेज होते, थंड झाल्यावर पुन्हा सुधारते.

म्हणून फडके गुंडाळण्याआधी एक प्लग काढून, तारेसह इंजिनावर टेकवून, स्टार्टर फिरवून पाहावा. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही ना हे पाहूनच. ठिणगी निळी आणि कडकडीत असेल तर दोष इंधनाकडे, पिवळी आणि मरतुकडी असेल तर डेल्कोकडे. एकाच वेळी फडकेही ठेवले, पॉइंटही घासले आणि कॉइलही बदलली तर गाडी चालू होईल, पण दोष कुठे होता हे कधीच कळणार नाही आणि पुढच्या रविवारी तो परत येईल.

दुरुस्त करून सजवलेल्या गाडीत आणखी एक दोष हमखास निघतो, तो रंगामुळे. जुन्या गाडीत विजेची परतीची तार म्हणजे गाडीचे धडच असते. नव्या रंगाचा थर अर्थिंगच्या पट्टीखाली गेला की तेथे रोध निर्माण होतो. तो केवळ ०.०५ ओहम असला तरी स्टार्टरच्या १०० अँपिअर प्रवाहाला ५ व्होल्ट तेथेच संपतात आणि १२ पैकी ७ उरतात. मालक नवी बॅटरी आणतो. खरे तर एक सॅंडपेपर पुरला असता. राजवाडे संशोधन मंडळ ज्या शहरात आहे त्या धुळेकरांना मूळ कागद आणि सुबक नक्कल यांतला फरक सांगायला नकोच.

राहिला प्रश्न बदललेल्या पेट्रोलचा. केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेत डिसेंबर १९२१ मध्ये टॉमस मिजली यांना पेट्रोलात शिशाचे संयुग घातल्यास इंजिनाचा ठोका थांबतो हे आढळले. त्या शिशाचा एक नकळत फायदा असा, की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर त्याचा थर बसून झीज कमी होई. आरोग्याला घातक म्हणून ते २००० साली भारतभर बंद झाले, ते योग्यच झाले. जुन्या गाडीच्या मालकाने व्हॉल्व्हची बैठक कठीण धातूची बसवून घ्यावी.

दुसरा बदल इथेनॉलचा आणि त्याची सुरुवात खान्देशच्या उंबरठ्यावर झाली. २००१ साली देशात जे तीन प्रायोगिक प्रकल्प निघाले त्यांतील एक मनमाडला होता. २०२५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. निव्वळ इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा बराच कमी असतो, पण ते पेट्रोलात थोडे मिसळले की मिश्रणाचा दाब वाढतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना राउल्टच्या नियमाचा हा भंग दाखवण्याजोगा आहे. इथेनॉलचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात; हायड्रोकार्बनांच्या गर्दीत विखुरले की ती पकड सुटते आणि ते सहज निसटतात. याशिवाय इथेनॉल पंपाचा जुना रबरी पडदा आणि बुचाचे गॅस्केट खराब करते. त्यात ऑक्सिजन असल्याने इंजिनाला हवेचे प्रमाण १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास लागते, म्हणजे जुन्या जेटमधून मिश्रण पातळ जाते आणि इंजिन अधिक तापते. पडदा आणि गॅस्केटे नव्या रबराची घालावीत, जेट किंचित मोठा घ्यावा.

इथेनॉल किती आहे हे प्रयोगशाळेत मोजता येते. शिक्षकांनी स्वतः, ज्योतीपासून दूर आणि खिडक्या उघडून, मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर ६० मिलिलिटरच्या जवळ जातो. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत दमट हवेतले पाणी शिरले तर तिथेही हेच घडते. पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या तळाशी असल्याने दिवाळीत पहिला घोट त्या खालच्या थराचाच जातो. मृगापूर्वी टाकी रिकामी करून ठेवलेली बरी.