पातेरा : राखावा, भाजावा की कुजवावा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे मृगापासून पुढे कित्येक आठवडे उन्हाचा कवडसाही दुर्मीळ होतो, तेथे झाडाखाली पडलेल्या पातेऱ्याचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे उभा राहिला. आणि त्याची उत्तरे जागेनुसार वेगवेगळी दिली गेली.

पहिले उत्तर देवराईचे. भीमाशंकरच्या परिसरात आहुप्यासारख्या गावांनी राखलेल्या देवरायांत झाड तोडणे दूरच, गळालेले पान व वाळले लाकूडही बाहेर न्यायचे नाही, असा दंडक असे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून या प्रथेचे महत्त्व शास्त्रीय जगासमोर मांडले. येथे पाला कुजवणाऱ्या बुरशीला पूर्ण मोकळीक होती. पावसाळ्यातील गडद रात्री कुजक्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसतो, तोही बुरशीचाच; आणि लाकडाची माती करण्याचे जे काम तिच्याखेरीज फार थोड्या जीवांना साधते, ते ती तेथे निर्वेधपणे करीत आली.

दुसरे उत्तर राबाचे, म्हणजे अगदी उलट. महादेव कोळी शेतकरी भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांची कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा व गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरी, आणि आग धडाडून निघून न जाता सावकाश जमिनीत उतरावी म्हणून ती वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवी. कुजण्याला वेळच नको, असा तो व्यवहार होता.

इंग्रजी अंमलात या व्यवहारावर सरकारची नजर गेली. दापोडीची सरकारी बाग व जुन्नर तालुक्यातील हिवऱ्याची औषधी वनस्पतींची बाग यांचा कारभार पाहणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. पुढे १८७८च्या कायद्याने जंगलखात्याचा हात आणखी लांबला, आणि कवळ तोडण्याची मनाई हा रयतेच्या तक्रारींचा मोठा विषय ठरला. १८८५ साली नेमलेल्या मुंबई जंगल कमिशनला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाच्या प्रश्नाची सविस्तर दखल घ्यावी लागली. अखेर पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह प्रयोग करून १९१२ साली दाखवले की, राबाचा गुण केवळ राखेत नसून माती तापण्यातही आहे. ज्याला अडाणीपणा म्हणून हिणवले, त्यात अनुभवाचे शास्त्र होते.

तिसरे उत्तर याच तालुक्यांच्या पूर्वेकडील बागायतीचे. ऊस तोडल्यावर पाचट पेटवून देण्याची रीत सर्वत्र रूढ होती. आता तेच पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवून कुजवावे, असा सल्ला दिला जातो.

आज नारायणगावात किंवा मंचरात बंगल्याभोवती झाडांच्या बुंध्याशी वाळला पाला वा भुसा पसरणाऱ्याला श्रावणात त्यावर पांढरे जाळे, कुत्र्याच्या छत्र्या किंवा पिवळा लिबलिबीत थर दिसला की तो औषधाची बाटली शोधू लागतो. वस्तुतः ही मृत पाल्यावर जगणारी मंडळी जित्या झाडाला सहसा त्रास देत नाहीत. थर दोन-तीन इंचांहून जाड नसावा, बुंधा व भिंत यांपासून तो चार बोटे दूर राहावा, घट्ट बसलेला पाला खुरप्याने उलटून मोकळा करावा आणि पाणी सकाळी मुळाशी द्यावे. एवढ्याने बहुतेक काम भागते. दमेकऱ्याने मात्र वाळलेला बुरसट ढीग स्वतः उकरू नये, आणि उगवलेली छत्री ओळखीची वाटली तरी खाऊ नये.

या मुलखातील जुन्या माणसांनी बुरशीशी सरसकट वैर धरले नाही, तसे तिला सर्वत्र रानही मोकळे दिले नाही. देवराईत तिचा हक्क मानला, रोपाच्या जागी तिला थारा दिला नाही, आणि उन्हात वाळवायच्या हिरड्याच्या फळांना तिचा स्पर्श होऊ नये म्हणून ते जपत राहिले. अंगणातल्या पाल्याबाबतही आधी जागा ठरवावी, मग उपाय.